दुधावांचून पंधरा दिवस

कोंकणच्या प्रवासाचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. समुद्र, सुरूचीं बनें, नारळी-पोफळीच्या बागा आणि शेवटीं सूर्यास्त, यांवांचून असें वर्णन सहसा पुरें होत नाहीं. आमचा आरवलीचा मुक्काम मात्र निराळ्याच कारणानें घडला, आणि तेथें आमचा बहुतेक वेळ समुद्रकांठापेक्षां एका मागील पडवींत, पाट्या-वरवंट्यापाशीं गेला. तेव्हां या हकीकतीस प्रवासवर्णन म्हणावें कीं पाकशास्त्र, याचा निर्णय वाचक भगिनींनींच करावा.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी जावा. पुण्यास आमचें एकत्र कुटुंब आहे, आणि दोघींस मिळून सून एकच. गेल्या चैत्रांत तिला दिवस गेल्याचें कळलें तेव्हां घरांत आनंद तर झालाच, पण त्याच दिवसापासून दूधवाल्याकडे एक लिटर दूधही वाढलें. केशर, वेलदोडा आणि खडीसाखर घातलेलें ऊन दूध सकाळीं एक पेला व रात्रीं एक पेला, असा आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेला नेम. त्यांत माया होती. आणि आपण करतों तें शास्त्रास धरून आहे असा थोडा अभिमानही होता. घरांत चरकसंहितेचें भाषांतर आहे. गर्भिणीनें पहिल्या महिन्यापासून दूध घ्यावें असें त्यांत सांगितलें आहे, हें आम्हां दोघींस चांगलें ठाऊक होतें.

सूनबाईस सहाव्या आठवड्यापासून मळमळ सुरू झाली. यांत विशेष असें कांहीं नव्हतें. दर दहा गर्भवतींपैकीं सात-आठजणींस ती कमी-अधिक होतेच. लोक तिला सकाळची मळमळ म्हणतात, परंतु ती सकाळ-संध्याकाळ ओळखीत नाहीं. आठव्या आठवड्यांत सूनबाईचें वजन दोन किलो उतरलें तेव्हां आम्ही घाबरलों, आणि घाबरलेल्या माणसांप्रमाणें दुधाचें मापच वाढविलें.

एके दिवशीं पहांटे मोरीकडून केशराचा वास आला. जाऊन पाहतों तों सूनबाई पेल्यांतील दूध मोरींत ओतीत उभी. आम्हांस पाहतांच तिच्या डोळ्यांत पाणी आलें. "आई, काकू, रोजच ओतते मी. वासानंच उमळून येतं. पण तुम्ही इतक्या मायेनं करतां, नको कसं म्हणूं?" एवढेंच ती म्हणाली.

त्या रात्रीं आम्हां दोघींस झोंप आली नाहीं. तीस-पस्तीस वर्षें एका चुलीपाशीं काढून जें एकमेकींस सांगितलें नव्हतें, तें त्या रात्रीं सांगितलें. आम्हांसही त्या दिवसांत दूध जात नसे. एकीनें तें तुळशीच्या आळ्यांत ओतलें होतें. दुसरीनें निमूटपणें पिऊन मागील दारीं ओकून टाकलें होतें. सासूबाईंस दोघींनींही कळूं दिलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही सूनबाईस घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलों व झालें तें सगळें सांगितलें. त्यांनीं वजन, रक्तदाब व लघवी तपासली आणि तूर्त काळजीचें कारण नाहीं असा निर्वाळा दिला. दूधच प्यालें पाहिजे असें नाहीं. जें पोटांत राहील तें थोडें थोडें, दर दोन तासांनीं द्या. पोट अगदीं रिकामें ठेवूं नका आणि एकदम भरूंही नका. फोलिक आम्लाची गोळी मात्र चुकवूं नका, असें त्यांनीं बजाविलें. आणि सूनबाईच्या मनांत माहेरीं जावयाचें असेल तर जाऊं द्या, असेंही हंसून सांगितलें. सूनबाईचें माहेर आरवलीचें.

सावंतवाडीकडे मोटारीनें जावें तर आंबोलीचा घाट उतरावा लागतो, आणि मळमळत्या जिवास घाटाचीं वळणें म्हणजे परीक्षाच. म्हणून पनवेलीस रात्रीं आगगाडी धरली. १९९८ सालीं संपूर्ण सुरू झालेल्या या कोंकण रेल्वेनें किती माहेरवाशिणींचा प्रवास सुखाचा केला असेल याचा हिशेब कोणी केलेला नाहीं. सूनबाई खालच्या बांकावर निजून होती. उशाशीं कोरड्या भाजलेल्या पोह्यांचा डबा होता, आणि उठण्यापूर्वीं त्यांतील चिमूटभर चघळावयाचे, ही डॉक्टरीणबाईंची युक्ति तिला मानवली. पहांटे खिडकीबाहेर तांबडी माती दिसूं लागली तशी तिच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. सावंतवाडीस उतरून मोटारीनें तासाभराच्या आंत आम्ही आरवलीस पोंचलों.

आरवली हें वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लहानसें गांव. गांवाचा धनी वेतोबा. त्याची भव्य मूर्ति पूर्वीं फणसाच्या लाकडाची असे. आतां ती पंचधातूची आहे. वेतोबा रात्रीं गांवाची राखण करीत फिरतो व त्यामुळें त्याच्या वहाणा झिजतात, अशी येथील श्रद्धा. म्हणून नवस फेडणारे त्यास चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. दुसरा मान केळ्यांचा. केळ्यांचे घडच्या घड त्याच्यापुढें येतात. पुण्याच्या माणसास देवापुढें पेढे आणि पंचामृत पाहण्याची संवय. येथें देवाचा आवडता पदार्थही झाडावरून उतरलेला. त्या वेळीं हें आम्हांस नुसतें नवल वाटलें. त्यांतील मर्म पुढें कळलें.

घरीं पोंचतांच विहीणबाईंनीं लेकीस पडवींत बसविलें. तिला काय होतें, किती वजन उतरलें, हें कांहीं न विचारतां त्यांनीं इतकेंच विचारलें, "काय घेशील गो बाय? आंबट कीं गोड?" सूनबाई म्हणाली, "आंबट." एका लहानशा पेल्यांत, अर्ध्याहून कमी, रातांब्याचें सरबत आलें. थंड माठांतील उकळलेलें पाणी, चिमूटभर मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड. वर झाकण. "घोटभर घे नि ठेवून दे. संपवायला पाहिजे असं कांहीं नाहीं." सूनबाईनें घोट घेतला, थांबली, पुन्हां घेतला. अर्ध्या तासानें पेला रिकामा होता आणि तो पोटांत राहिला होता. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहूं लागलों. महिनाभर आम्हीं तिला पुष्कळ कांहीं दिलें होतें; पण काय घेशील, हें विचारलें नव्हतें.

वैशाखाचे दिवस असल्यामुळें रातांबे पिकले होते. कोंकमाच्या पिकलेल्या फळास येथें रातांबा म्हणतात. गोमंतकांत त्यासच भिरंड म्हणतात. फळ फोडून बी काढावयाचें, सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणींत थर लावावयाचे आणि बरणी सात-आठ दिवस उन्हांत ठेवावयाची. साखरेचें पाणी होऊन गर्द तांबडा पाक सुटतो. तेंच अमृत कोंकम. साखरेऐवजीं मीठ घालून जो रस सुटतो तो आगळ. आणि सालें वारंवार रसांत भिजवून उन्हांत वाळविलीं म्हणजे आमसुलें. बियांचें तेलही काढतात, तें थंडीच्या दिवसांत उललेल्या पायांस लावतात. या झाडांत नर व मादी निराळीं असतात, आणि बियांचें रोप फळणारें आहे कीं नाहीं हें सहा-सात वर्षांनीं तें फुलल्यावरच कळतें. त्यामुळें आतां कलमें लावतात. १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें 'कोंकण अमृता' व 'कोंकण हातीस' या निवडक जाती दिल्या आहेत.

आम्हीं विहीणबाईंस विचारलें, "तुमच्याकडे गर्भारशीस दूध देत नाहींत का?" त्या म्हणाल्या, "देतों कीं, मिळालं आणि मानवलं तर. पण आमच्या गाई बघितल्यात ना?" गाई आम्हीं पाहिल्या होत्या. कोंकणांतील गाय लहान चणीची, डोंगर-उतारावर चढणारी, मुसळधार पाऊस सोसणारी. दूध तिचें बेताचें. तेव्हां घाटावर जेथें दूध, दहीं आणि ताक, तेथें कोंकणांत नारळाचा रस आला. आम्ही पाहुण्यास शिकरण वाढतों. हे लोक केळ्यांचें रसायन वाढतात. आम्ही जेवण ताकावर संपवितों; हे सोलकढीवर. ज्यास आम्ही उणीव समजत होतों ती एक निराळी पाकपरंपरा होती, आणि दुधाचा वास न सोसणाऱ्या आमच्या सुनेस तीच नेमकी हवी होती.

येथें भगिनींच्या उपयोगासाठीं त्या पडवींतील कृति देतों.

सोलकढीसाठीं आठ-दहा आमसुलें धुवून अर्धी वाटी कोमट पाण्यांत अर्धा तास भिजत घालावीं व कुसकरून रस काढावा. एक नारळ खोवून, त्यांत पेराएवढें आलें व पाव चमचा जिरें घालून, दोन वाट्या कोमट पाणी शिंपडीत वाटावा आणि स्वच्छ धुतलेल्या फडक्यांतून पिळावा. दोन्ही रस एकत्र करून बेताचें मीठ घालावें. कोणी लसूण व हिरवी मिरची घालतात. मळमळणाऱ्या बाईसाठीं दोन्ही वगळावीं. आल्यानें मळमळ थोडी शमते असें आतांच्या वैद्यकीय पाहणींतही आढळलें आहे, पण तें स्वयंपाकांत घालतों तितकेंच असावें. सोलकढी तापवूं नये, आणि नारळाचा रस उन्हाळ्यांत लवकर नासतो म्हणून तीन-चार तासांपेक्षां अधिक बाहेर ठेवूं नये. आंबटानें ज्यांच्या छातींत जळजळतें त्यांनीं आमसुलें निम्मीं करावीं.

गोड हवें असेल त्या वेळीं रसायन. दोन पिकलेलीं वेलची केळीं कुसकरून त्यांत वाटीभर नारळाचा दाट रस, चमचाभर किसलेला गूळ व वेलदोड्याची पूड घालून रवीनें घुसळावें. पेय म्हणून द्यावयाचें तर अर्धी वाटी पाणी वाढवावें. सूनबाईस तें गार केलेलें आवडे. गार पदार्थास वास कमी असतो, आणि मळमळीचें अर्धें मूळ वासांत असतें, म्हणून पेल्यावर झाकण हवेंच. वेतोबाच्या प्रसादाचीं केळीं घरीं आलीं त्या दिवशीं तिनें आपण होऊन दोन पेले घेतले. हापूस आंब्याचेंही असेंच रसायन होतें. तिसरा प्रकार शहाळ्याचा. पाणी गाळून घ्यावें, आंतील कोंवळें खोबरें त्यांतच घुसळावें, वर लिंबाचे चार थेंब टाकावे. दुपारच्या उन्हांत यासारखें दुसरें पेय नाहीं.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नारळाच्या रसास आपण नारळाचें दूध म्हणतों, तरी गाईच्या दुधाचें काम तो करीत नाहीं. त्यांत स्निग्धांश पुष्कळ, पण प्रथिनें थोडीं आणि कॅल्शियम अगदींच अल्प. गर्भवतीस दिवसाकांठीं सुमारें १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. तें दुधावांचून मिळवावयाचें तर नाचणी, तीळ आणि पालेभाज्या यांचा आश्रय करावा. १०० ग्रॅम नाचणींत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. विहीणबाई नाचणीचें सत्त्व पाण्यांत शिजवून, निवल्यावर त्यांत नारळाचा रस, गूळ व अर्धें केळें घालीत. तें पेय थोडें दाट होई, पण चमच्यानें सावकाश खाल्लें कीं राही. चौथ्या महिन्यापासून डॉक्टर लोह व कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्याही टाळूं नयेत. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं गूळ, साखर व पाक यांविषयीं आधीं विचारून घ्यावें. गूळ झाला तरी ती साखरच.

फळांविषयींचे जुने धाकही आम्हीं पुण्याहून बरोबर नेले होते. कच्च्या पपईचा चीक गर्भारपणांत नको, हें योग्यच. परंतु बेताच्या प्रमाणांत अननस खाल्ल्यानें गर्भास अपाय होतो, या समजुतीस आधार नाहीं. खरा धोका फळाच्या जातींत नसून तें धुण्यांत आणि कापण्यांत असतो. न धुतलेलें फळ, उघडें कापून ठेवलेलें फळ, रस्त्यावरचा बर्फ व न उकळलेलें पाणी, हीं चार कटाक्षानें टाळावींत.

नवव्या दिवशीं आमची परीक्षा झाली. पहांटेपासून सूनबाईच्या पोटांत पाणीही ठरेना. सरबत झालें, शहाळें झालें, सगळें उलटून पडलें. दुपारपर्यंत तिचे ओंठ कोरडे झाले, उभें राहतांच घेरी येऊं लागली, आणि लघवी सकाळपासून झाली नव्हती. आमच्यांतील एक म्हणाली, "थोडी सोलकढी देऊन पाहूं." विहीणबाईंनीं मान हलविली. "आतां पेला नको, आतां डॉक्टर." दहा मिनिटांत मोटार दारांत आली आणि आम्ही शिरोड्यास गेलों. डॉक्टरांनीं शिरेंतून सलाईन दिलें, उलटी थांबविणारें औषध दिलें, आणि आणलें हें चांगलें केलें असें म्हटलें. घोटभर पाणीही ठरत नसेल, लघवी होत नसेल वा गडद होत असेल, घेरी येत असेल, रक्त दिसत असेल, ताप असेल किंवा पोटांत कळ असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवूं नये, हें त्यांचें सांगणें आम्ही जसेंच्या तसें येथें देत आहों. सरबत जिवास आराम देतें. तें औषधाच्या जागीं बसवावयाचें नसतें. संध्याकाळीं सूनबाईस हुशारी वाटली व रात्रीं तिनें भाताची पेज घेतली.

सूनबाई तेथें पडून होती तितका वेळ आमच्यांतील एक तिच्यापाशीं बसली व दुसरी विहीणबाईंबरोबर औषध आणावयास बाजारांत गेली. हें शिरोडें म्हणजे जेथें १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला, आणि जेथें वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शाळेंत शिक्षक होते, तेंच गांव. एरवीं आम्हीं तें मोठ्या कौतुकानें पाहिलें असतें. त्या दिवशीं मात्र डोळ्यांपुढें सूनबाईचे कोरडे ओंठच होते. विहीणबाई वाटेंत म्हणाल्या, "आमच्या आगळांत इथल्याच मिठागराचं खडेमीठ. पण हिच्या रोजच्या जेवणांत मीं पुड्यांतलं आयोडीनचं मीठ ठेवलंय." गर्भाच्या मेंदूच्या वाढीस आयोडीन लागतें व साध्या खडेमिठांत तें पुरेसें नसतें, हें त्या आमच्यापेक्षां अधिक जाणीत होत्या. आपल्या गांवच्या मिठाचा अभिमान आणि लेकीच्या पोटाची काळजी, दोहोंस त्यांनीं जेथच्या तेथें ठेवलें होतें. आम्हांस तसें साधलें नव्हतें.

पंधराव्या दिवशीं निघतांना सूनबाईचें वजन अर्धा किलो वाढलें होतें. विहीणबाईंनीं आमसुलें, आगळाच्या बाटल्या, अमृत कोंकम आणि डझनभर नारळ बांधून दिले. आमच्या थोरल्या जाऊबाईंनीं त्यांस नमस्कार केला तेव्हां त्या मागें सरून म्हणाल्या, "अहो विहीणबाई, हें काय! तुम्ही मुलाकडच्या." जाऊबाई म्हणाल्या, "आज आम्ही शिकणाऱ्या."

पुण्यास आल्यावर चरकसंहितेचें तें पान आम्हीं पुन्हां काढलें. पहिल्या महिन्यांत दूध घ्यावें असें तेथें आहे, हें खरें; पण तें थंड, साधें आणि मात्रेनें घ्यावें असें आहे. ऊन, केशरी आणि पेला भरून, हें सारें आमचें होतें. आणि त्याच ग्रंथांत, गर्भिणीच्या मनांत जी इच्छा उत्पन्न होते ती अहितकर नसेल तर डावलूं नये असेंही आहे. आम्हीं इतकीं वर्षें अर्धें शास्त्र वाचलें होतें, आणि तें अर्धें दोन पिढ्यांच्या सुनांस पाजलें होतें.

मळमळ बहुतेकींची चौदा-सोळा आठवड्यांच्या सुमारास उतरते. सूनबाईची पंधराव्या आठवड्यांत उतरली. तोंपर्यंत आमच्या स्वयंपाकघरांत रोज नारळ खोवला जात होता, आणि रोज सकाळीं कोणी तरी विचारीत होतें, "आज काय? आंबट कीं गोड?" पांचव्या महिन्यांत एके दिवशीं सकाळीं सूनबाई आंत आली, पातेल्यावरचें झाकण काढून तिनें वास घेतला, आणि अर्धा पेला दूध ओतून उभ्यानेंच प्याली. आम्ही दोघी विळीपाशीं भाजी चिरीत होतों. कांहीं एक बोललों नाहीं.